घासलेली नाणी

राजपाल कंडक्टरला रिटायर होऊन बारा वर्षं झाली, तरी येडशीत त्याला अजून कंडक्टरच म्हणतात. बत्तीस वर्षं त्यानं एसटीत तिकिटं फाडली आणि तेवढ्या काळात त्याच्या चामडी पिशवीत एक पैसा कधी जास्त निघाला नाही की कमी. असली माणसं घरच्यांना जरा जडच जातात, पण काय करता, काही माणसं घडतातच सरळ.

त्याला नाद एकच, जुन्या नाण्यांचा. एखादी म्हातारी कनवटीची गाठ सोडून निजामाच्या राज्यातला चारमिनारचा पैसा तिकिटाला पुढं करायची. दुसरा कंडक्टर खेकसला असता. राजपाल ते नाणं शर्टाच्या खिशात टाकायचा, आपल्या पदरचे चालू पैसे पिशवीत भरायचा आणि म्हातारीला तिकीट द्यायचा. कळंबच्या कल्याणप्पा अडत्यानं एकदा धाराशिवला जाताना हे पाहिलं. कल्याणप्पालाही हाच नाद. तिथून जी दोस्ती जमली ती पस्तीस वर्षं टिकली. एकानं जमवायचं, दुसऱ्यानं बघून जळायचं, असं चालायचं.

दोन वर्षांमागं काचबिंदूनं राजपालची नजर गेली. तेव्हापासून त्याची बायको भिमाबाई त्याला हाताला धरून अंगण ओलांडून परसातल्या संडासाला नेते. तिचे स्वतःचे गुडघे धड नाहीत. पावसाळ्यात दोघं एकदा चिखलात आपटली, तेव्हा राजपालनं ठरवलं की आता घरातच न्हाणी आणि संडास बांधायचा. गवंड्यानं पस्तीस हजार सांगितले. राजपालनं कल्याणप्पाला फोन लावला.

"आप्पा, माझी नाणी तू घे. भाव मातर रास्त लाव. तुला तोटा नगं अन् मला भीक नगं."

"घेतली समज," कल्याणप्पा म्हणाला. नाण्यांचे ते तीन डबे त्याला पाठ होते. बाजारभावानं चाळीस हजारांचा माल. तेवढेच द्यायचे, एक रुपया कमी नाही, असं ठरवून तो रविवारी येडशीला उतरला.

भिमाबाईनं तिन्ही डबे समोर आणून ठेवले आणि हौसेनं झाकणं काढली. कल्याणप्पानं वाकून पाहिलं.

नाणी लखलखत होती. तांब्याची लाल, चांदीची पांढरीफेक. एकूण एक घासलेलं.

"दोन दिस बसले व्हते, आप्पा," भिमाबाई म्हणाली. "तांब्याला चिंच-मीठ, चांदीला राख. दुसऱ्याच्या घरी वस्तू द्यायची तर काळीकुट्ट कशी द्यायची? आमची आई उसनं आणलेलं भांडंसुदिक घासून परत द्यायची."

आता हिला कोण सांगणार? जुन्या नाण्यावर शंभर वर्षांचा जो काळेपणा चढतो, तोच त्याच्या जुनेपणाचा दाखला. तो घासला की गिऱ्हाईक नाक मुरडतं आणि किंमत निम्म्यावर येते. चाळीस हजारांचा माल बाईनं दोन दिवसांत वीस हजारांवर आणला होता, आणि वर कौतुकाची वाट बघत बसली होती.

"लई झ्याक केलीत, वहिनी," कल्याणप्पा म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

त्यानं राजपालकडं पाहिलं. राजपाल खाटेवर ताठ बसला होता, नजर भिंतीकडं. ह्याला ठाऊक आहे की नाही? ठाऊक नसेल तर मुकाट्यानं चाळीस देऊन मोकळं व्हावं. पण उद्या त्याला कळलं, तर दोस्तानं आपल्याला भीक घातली असं त्याच्या मनात बसेल आणि ते काही केल्या निघायचं नाही. आणि खरा भाव सांगावा, तर ह्या बाईला जन्माची टोचणी. संडास राहील तो राहीलच.

तेवढ्यात राजपालनंच हात पुढं केला. "आप्पा, रुमाल टाक."

पूर्वी बैलबाजारात, अडतीत असाच सौदा व्हायचा. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायची, जितकी बोटं तितका भाव. बघणाऱ्यांना आकडा कळत नाही. राजपालला हे कल्याणप्पानंच शिकवलं होतं, कळंबच्या बाजारात.

"घ्या, म्हातारपणी चाळे," भिमाबाई हसली.

कल्याणप्पानं खांद्यावरचं उपरणं दोघांच्या हातांवर टाकलं आणि राजपालची चार बोटं धरली. चाळीस.

राजपालनं हात सोडवला. चाचपून कल्याणप्पाची दोनच बोटं धरली आणि घट्ट दाबली. वीस.

म्हणजे ह्याला ठाऊक होतं. कल्याणप्पातला अडत्या जागा झाला.

"कंडक्टर, बाजाराचा कायदा सांगतो. घेतली म्हणल्यावर माल भिजला, तर तूट घेणाराची. म्या फोनवर घेतली म्हणलो व्हतो." आणि पुन्हा चार बोटं धरली.

"माल कुठं भिजला, आप्पा?" भिमाबाईनं विचारलं.

"तुरीचं बोलतोय, वहिनी."

राजपाल गालात हसला. "भाव ठरल्याबिगर सौदा पुरा व्हत न्हाय. माल माझ्याच घरात भिजला. व्हय का न्हाय?"

"मग तूट निम्मी-निम्मी," कल्याणप्पा म्हणाला आणि तीन बोटं धरली. "ह्याच्याखाली मी उतरणार न्हाय. बसू हितंच संध्याकाळपस्तोर."

राजपालनं कल्याणप्पाची बोटं एकेक करून चाचपली. कुठं दया लपली आहे का, ते शोधत असावा. मग त्यानं मान हलवली. "फरशी मागनं बसवता यील."

"किती ठरलं?" भिमाबाईला राहवेना.

"तीस हजार," राजपाल म्हणाला. "तुझ्या हाताला यश हाय."

बाईचा चेहरा असा फुलला, की कल्याणप्पानं मान दुसरीकडं वळवली. ती गुडघ्यावर हात देत उठली आणि चहा टाकायला आत गेली.

ती आत गेल्याची खात्री करून कल्याणप्पा हळू आवाजात म्हणाला, "तुला ठाऊक व्हतं तर थांबवलं का न्हाईस, शहाण्या? वीस हजारांचं पाणी झालं."

"पयल्याच डब्याला चिंचेचा वास आला मला," राजपाल म्हणाला. "थांब म्हणणारच व्हतो. तर ती गाणं म्हणाया लागली."

"गाणं?"

"घासताना. आधी म्हणायची, जात्यावर, धुणं धुताना. माझे डोळे गेल्यापसनं एकदाबी म्हणली नव्हती, आप्पा. दोन दिस म्हणत व्हती. म्या बसून ऐकलं."

कल्याणप्पानं हातातली बोटं दाबली.

भिमाबाई चहाच्या कपबश्या घेऊन बाहेर आली, ती दारातच थांबली. "अजून भावच चाललाय व्हय तुमचा?"

"न्हाय, वहिनी. ठरला," कल्याणप्पा म्हणाला, पण उपरण्याखालचा हात काही त्यानं सोडला नाही.