सरकीची वाटी

बार्शीटाकळीच्या मैनाची मॅट्रिकची परीक्षा आठ दिवसांवर आली होती. आदल्या वर्षी, म्हणजे अठ्ठावन्न साली, ती नापास झाली होती. यंदाही तसंच झालं, तर शाळा कायमची सुटणार होती.

रोज सकाळी ती पुस्तक मिटून धडा म्हणून दाखवी. आई केशरबाईला अक्षरओळख नव्हती. पण गादीसाठी कापसातली सरकी काढता काढता ती कान देऊन ऐके आणि मैना अडखळली की वाटीत एक सरकी टाके. जितक्या सरक्या, तितक्या जागा पुन्हा वाचायच्या.

त्या दिवशी वाटी रिकामी राहिली.

"एकबी सरकी नाही व! आता तुले कोन नापास करते?" केशरबाई हरखून म्हणाली.

जिथं आठवलं नव्हतं, तिथं मैनानं मनाचंच काहीतरी धडाधड ठोकून दिलं होतं. आई फसली, पेपर तपासणारा थोडाच फसणार होता!

तिनं ढिगातल्या नऊ सरक्या उचलून वाटीत टाकल्या.

"हे काय करून राहिली?"

"माय, इतक्या ठिकाणी मी थापा मारल्या."

केशरबाईनं वाटी पुढं सरकवली.

"अन् मी साऱ्या आळीत सांगत फिरली असती! उघड पुस्तक. पहिली सरकी कोनत्या जागेची?"