कंदुरीचा रस्सा

कंदुरीचं बोलावणं आलं की व्यंकटी आचारी पूर्वी दोन दिवस आधीच हवेत असायचा. औशाच्या भागात कुणी पीराला नवसाचं बकरं देऊन गावजेवण घालायचं ठरवलं, तर लोक आधी व्यंकटी मोकळा आहे का ते बघत आणि मग वार ठरवत. या खेपेला मात्र लिंबाजीचा निरोप आला आणि जावं की न जावं, याचाच तो विचार करत बसला. कारण हिवाळ्यातल्या तापात त्याला वास यायचा बंद झाला होता. अत्तर काय आणि घासलेट काय, दोन्ही सारखंच. ही गोष्ट त्यानं बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

वास येत नाही म्हणून एवढं काय बिघडलं, असं एखाद्याला वाटेल. पण कंदुरीत आचाऱ्यानं चव बघायची नसते. मुजावर फातेहा पढून निवद दाखवत नाही तोवर रस्स्याचा थेंब जिभेला लावायचा नाही. सगळी मदार नाकावर. त्यातून निवदाचं काही बिघडलं, तर पीरानं नवस घेतला नाही असं अख्खा गाव धरून चालतो. सरळ नाही म्हणून टाकायचं होतं गड्यानं! पण मग कारण सांगावं लागलं असतं, आणि उभ्या जन्माचं कमावलेलं नाव असं सहजी कोण सोडतं?

लिंबाजीचा नवस जुना होता. लातूर जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या निघाल्या, तेव्हाच त्यानं पीराला सांगून ठेवलं होतं, माझ्या पोराला, भुजंगला, तिथं चिकटव, बकरं देतो. भुजंग शिपाई म्हणून लागला तो चार-पाच वर्षांनी, नेमका दुष्काळाच्या साली. विहिरी आटलेल्या, अर्धं गाव खडी फोडायला गेलेलं. तरी लिंबाजीनं बकरं आणलंच. पीराला ताटकळत ठेवायची त्याची छाती नव्हती.

बकरं बघून व्यंकटीचा जीव आणखी खालीवर झाला. नुसता सापळा. चरबी निघाली ती ओंजळभर, आणि त्याची सगळी करामत तर चरबीतच. तेलाचा थेंब तो घालत नसे. पातेल्यात चरबी वितळवायची, तिच्यातच कांदा-लसूण आणि मटण परतायचं आणि तळाला खरवड धरू द्यायची. ती गुळासारखी तांबूस झाली की आधणाचं पाणी ओतून उलथन्यानं खरडायची. वरून येसर, म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ, भुरभुरलं की रस्सा दाट. पाणी लवकर पडलं तर रस्सा मिळमिळीत, उशिरा पडलं तर कडू. ती वेळ त्याला आजवर वासानंच कळायची.

त्या दिवशी तो चुलीभोवती नुसता येरझाऱ्या घालत होता. वाकून बघावं तर धुरानं डोळे भरत. पाण्याचा हंडा उचलला, परत ठेवला. शेवटी राहवेना, तेव्हा त्यानं भुजंगला हाक मारली.

"भुजंगा, बघ बरं, वास कसा येतोय?"

"लई झकास, मामा!"

"करपल्यावानी तर न्हाई?"

"न्हाई न्हाई. तुमच्या हातचं हाय, कसं करपंल?"

कचेरीत लागून चार दिवस झाले नाहीत, तोच हे पोरगं समोरच्याला आवडेल तेवढंच बोलायला शिकलं होतं! व्यंकटीला धीर आला. त्यानं आणखी थोडा वेळ जाऊ दिला आणि मग पाणी ओतलं.

फातेहा झाला, पंगत बसली. खडीवरची माणसंही आली, कारण कंदुरीत कुणाला जेवायला नाही म्हणत नाहीत. पहिलं वाढप झालं. दुसऱ्या वाढपाला व्यंकटी पळी घेऊन निघाला, तर जो तो ताटावर हात आडवा धरू लागला. निवदाला नावं ठेवत नाहीत, म्हणून बोललं कुणीच नाही. पण दुष्काळात रस्सा नको म्हणणारी पंगत त्यानं पहिल्यांदाच पाहिली. त्यानं स्वतः बोट बुडवून चाटलं. मीठ आणि तिखट, बाकी काही कळेना.

लिंबाजीनं त्याला चिंचेमागं नेलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"रस्सा कडू झालाय, व्यंकटी. तुझ्या हातून असं कधी झालं न्हाई. पीरानं माझा नवस घेतला न्हाई रे. आता पोराची नौकरी काय टिकत न्हाई."

व्यंकटीनं नुसती मान हलवली असती, तरी त्याचं नाव राहिलं असतं. बकरंच रोगट होतं म्हटलं असतं, तरी चाललं असतं. "बकरंच..." असं तो बोललाही. पण लिंबाजीच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं, आणि ते बघून व्यंकटीला स्वतःची लाज वाटली.

"पीराला मधी आणू नका, दादा. खरवड करपली माझ्या हातनं. मला वासच येत न्हाई. हिवाळ्यापासनं."

"खरं सांगायलास?"

"हाव. पीराची आण."

लिंबाजीनं त्याला कडकडून मिठी मारली. मग तो धोतर सावरत पंगतीकडं पळाला आणि दोन्ही हात वर करून आनंदानं ओरडला, "नवस पोचलाय रे! पोरांनो, पीर राजी हाय! आपल्या व्यंकटीला वासच येत न्हाई!"