डबीतलं उलटं तिकीट

आमच्या घरातलं निजामाच्या काळातलं पोस्टाचं तिकीट तंबाखूच्या डबीच्या झाकणात आहे, तेही उलटं, वरची बाजू खाली. आजोबांनी ते बाभळीच्या डिंकानं आतून चिकटवलं. मेंढरांमागं फिरणारा माणूस. तिकिटावरची फारसी अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती आणि कडेची मराठीही. नक्षी आवडली, लावून टाकलं. पुढं डबी आबांकडं, म्हणजे माझ्या वडिलांकडं आली आणि मी तिकिटं जमवायला लागले तेव्हा त्यांनी ती मला दिली. आता आबा वैजापूरकडं गावी अंथरुणाला खिळलेत. फोनवर रोज विचारतात, "तिकीट नीट हाय ना?"

म्हणून आमच्या तिकीटवेड्यांच्या बैठकीत एक जाणकार मित्र भिंग लावून "ताई, हे नकली दिसतंय" म्हणाला, तेव्हा मला आधी आबाच आठवले. कोपऱ्यातल्या वेलीची एक रेघ दुहेरी होती. खऱ्या तिकिटावर ती एकेरी असते, म्हणे. आता आबांना कोणत्या तोंडानं सांगायचं? वर त्यानं विचारलं, "आणि उलटं का लावलंय?"

"आमच्यात असंच लावतात!" मी फणकारले.

पुढच्या रविवारी तुलना करायला त्यानं स्वतःकडची चार तिकिटं आणली. एकमेकांना जोडलेली, अस्सल म्हणून तपासून घेतलेली. मी ती सवयीनं उलटी धरली. उलट्या तिकिटावर अक्षरं वाचायच्या भानगडीत डोळा पडत नाही, त्याला नुसत्या रेघा दिसतात. आणि चारांतल्या एकावर मला माझी रेघ दिसली. तीच वेल, तशीच दुहेरी, टोकाशी तशीच जरा बाहेर गेलेली.

मित्रानं बराच वेळ भिंग खाली ठेवलं नाही. मग म्हणाला, "चुकलो, ताई. ही छपाईच्या पत्र्याची डागडुजी आहे. पत्रा झिजला, तेव्हा कारागिरानं ही रेघ हातानं पुन्हा कोरली. जुनीच्या जरा शेजारी पडली. त्या जागेवरून छापलेल्या प्रत्येक तिकिटावर ती अशीच येणार."

मी डबीचं झाकण जवळ ओढलं. नखाएवढ्या जागेत, आरशातल्यासारख्या उलट्या अक्षरांशेजारी कुणीतरी श्वास रोखून ती केसाएवढी रेघ ओढली होती. हात किंचित ढळला, आणि ते ढळणं माझ्यासमोर टेबलावर होतं.

घरी येताच फोन लावला. "आबा, तिकीट खरं हाय," म्हटलं, आणि सगळं सांगितलं.

"कोण व्हता त्यो मानूस?"

"नाव कुठंच नाय, आबा."

मग आबा म्हणाले, "म्हंजी आपल्या डबीत इतकी वर्सं त्याचा हात व्हता. अन् म्या रोज तंबाखू काढत व्हतो." पुढं म्हणाले, "उद्या डबी घिऊन ये, माय. यकडाव बोट फिरवू दे."