बुटानं पाय वाढत नाही

मावशीच्या नाकावर राग असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण मी सांगतेय तो राग वेगळा होता, आणि त्याला कारण मी होते.

मावशी बूट बनवते. ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असतो, त्यांचे. माणसाला भिंतीपाशी उभं करायचं, आखूड पायाखाली पातळ फळ्या एकेक करून सरकवायच्या आणि मागे बसून कमरेची दोन्ही हाडं एका रेषेत आली का ते बघायचं. ती आली की माणूस नकळत मोठा श्वास सोडतो. मग तेवढ्या उंचीचे बुचाचे थर रापीनं कापायचे, चिकटवायचे, घासायचे आणि बुटात असे बसवायचे की बघणाऱ्याला कळू नये. सव्वीस वर्षं ती दोन खोल्यांच्या कारखान्यात हेच करतेय. चामड्याचा आणि सोल्यूशनचा वास तिच्या अंगात इतका मुरलाय की आंघोळ करून आली तरी येतो.

एके दिवशी तिचे जुने गिऱ्हाईक, एक निवृत्त मास्तर, दारातच थबकले.

"अहो, तुम्ही आहात की इथे!"

"मग कुठे जाणार?"

मास्तरांनी फोन पुढे केला. बरीच वर्षं येणं झालं नव्हतं, कारखाना बंद पडला असेल असं वाटून त्यांनी फोनमधल्या एआयला विचारलं होतं, असे बूट इथे कोण बनवतं? उत्तर आलं होतं: या शहरात असा कारागीर आढळला नाही, तयार टाचा ऑनलाइन मागवा. मास्तरांनी मागवल्या होत्या. त्या घालून महिनाभर पाठ धरून बसले होते.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला फोन केला आणि हॅलोसुद्धा न म्हणता विचारलं, "तू केलेल्या त्या वेबसाइटला झालंय काय?"

वेबसाइट मी आठ वर्षांपूर्वी केली होती. एकच पान. पत्ता, फोन, कामाची माहिती, सगळं एका सुंदर चित्रात बसवलेलं. माणसाला ते वाचता येत होतं. यंत्राच्या लेखी पान कोरंच होतं.

मी एक सल्लागार शोधला. चुणचुणीत माणूस. तो म्हणाला, "ताई, लोक आता शोधत नाहीत, विचारतात. आणि एआय दहा नावं देत नाही, दोन देतं. त्या दोघांत आपण बसायचं." लोक विचारतात तेच प्रश्न पानावर घालायचे, खाली थेट उत्तरं द्यायची, आणि दुसऱ्या साइट्सवरही आपला उल्लेख आणायचा. मला पटलं. त्यात चूक काहीच नव्हतं.

त्यानं पानासाठी लिहिलेला मजकूर पाठवला. मावशी म्हणाली, "मला त्यातलं कळत नाही. तू शिकलेली आहेस. वाचून घे आणि हो म्हण."

मी वाचलं आणि हो म्हटलं.

तीन महिन्यांत फोन वाजायला लागले. एआय मावशीचं नाव घ्यायला लागलं होतं. मी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

मग एका दुपारी एक आई तिच्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. पाच तास बसनं आल्या होत्या दोघी. मीही तेव्हा कारखान्यातच होते. मावशीनं मुलीला उभं केलं, फळ्या सरकवल्या, अडीच सेंटीमीटरवर रेषा जुळली. पोरगी खुशीत होती. तिनं मान वळवून विचारलं, "मग सहा महिन्यांनी हा बूट फेकून द्यायचा ना?"

"का गं?"

"तोवर पाय वाढलेला असेल ना."

मावशीनं आईकडे पाहिलं. आईनं फोन काढून वाचून दाखवलं. एआयनं मावशीच्या पानाचा हवाला देऊन सांगितलं होतं: या बुटांमुळे सहा महिन्यांत दोन्ही पाय सारखे होतात.

मावशी गुडघ्यांवर बसली, मुलीच्या डोळ्यांसमोर डोळे आणून म्हणाली, "बाळ, बुटानं पाय वाढत नाही. चालणं सोपं होतं, पाठ दुखत नाही. पण पाय तेवढाच राहतो. ते लिहिलंय ते खोटं आहे, आणि ते माझ्या नावावर आहे."

मुलगी रडली नाही. खाली बघत एवढंच म्हणाली, "मी वर्गात सांगून आले."

त्या दोघी चहा प्यायला बाहेर गेल्या आणि मावशीनं सल्लागाराला फोन लावला. तो म्हणाला, "अहो, यंत्राला ठोस आकडा लागतो. 'आराम पडतो' असं लिहिलं तर कोण उचलणार? सगळेच असे आकडे लिहितात."

"सगळे लिहितात म्हणून तू माझ्या तोंडून लहान पोरीला फसवणार?" मावशीचा आवाज रस्त्यावर ऐकू जात होता. "माझ्या पानाला पुन्हा हात लावलास तर बघ!"

फोन आपटून ती माझ्याकडे वळली. आवाज एकदम खाली आला, ते जास्त वाईट होतं.

"तू हे वाचलं होतंस?"

"वाचलं होतं. मला वाटलं, जाहिरातीत असतंच असं."

"तुला माहीत होतं ना, पाय वाढत नाही?"

"होतं."

"मग तो परका. तू कोण?"



दुसऱ्या दिवशी मी सल्लागाराचं एकूण एक वाक्य पुसलं. मावशी बूच घासत सांगत होती, मी टाइप करत होते. "लिही. बुटानं पाय वाढत नाही. मुलं वाढतात, म्हणून त्यांचं माप दर सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावं लागतं. फरक वाढतोय असं वाटलं तर आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा, मग माझ्याकडे." मी एक शब्द गोड केला की म्हणायची, "खोड ते."

पण पुसलं म्हणून संपलं नाही. ती थाप चार दुसऱ्या साइट्सनी उचलली होती आणि एआय तीच पुन्हा सांगत होतं. मावशी रोज सकाळी फोनला विचारायची आणि रोज तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "माझंच नाव सांगून मलाच थापा मारतोय मेला!" मी त्या चारही साइट्सना पत्रं लिहिली, चुकीच्या उत्तराची तक्रार रोज नोंदवली. ती स्वतः हाडांच्या दवाखान्यात जाऊन मोठ्या डॉक्टरीणबाईंना भेटली. त्यांनी आपल्या वेबसाइटवर मावशीच्या पानाचा दुवा दिला, खाली स्वतःचे दोन शब्द लिहिले. सात आठवड्यांनी उत्तर बदललं.

त्या मुलीचे बूट तोवर तयार होते. ते द्यायला मावशी स्वतः पाच तास बसनं गेली. तिथे काय बोलणं झालं, ते तिनं मला सांगितलेलं नाही.

परवा कळलं, त्या सल्लागारानं आपल्या वेबसाइटवर मावशीच्या कारखान्याचा फोटो लावलाय: "तीन महिन्यांत एआयच्या उत्तरात पहिलं नाव!" मावशी कामाच्या ॲप्रनवरच त्याच्या ऑफिसात गेली. मी मागे. चार माणसं मीटिंगला बसली होती. तिनं त्यांच्यासमोर त्याला लॅपटॉप उघडायला लावला, फोटो काढून टाकायला लावला आणि पान पुन्हा उघडून खात्री करून घेतली.

"मावशी, आता तरी राग सोडा," तो ओशाळं हसत म्हणाला.

"मी तुझी मावशी नाही," ती म्हणाली आणि जिना उतरायला लागली.