बाहेर पडायचा रस्ता

सांगायची लाज वाटते, पण तुम्ही आपलेच आहात म्हणून सांगतो. माझ्या अडाणीपणापायी आमच्या औशातल्या घरात दुखवटा सुरू झाला होता. आणि मेलं कुणीच नव्हतं.

मी राहतो नांदेडला, विष्णुपुरीकडं. धंदा काय, तर मोबाइलवरच्या खेळासाठी गुहा बनवायच्या. हसू नका, पोट चालतं त्यावर. खेळातला वीर तलवार घेऊन गुहेत शिरतो, राक्षस मारतो आणि पलीकडून बाहेर पडतो. त्या गुहेचा नकाशा मी आखतो. चौकोनी तुकड्यांचा एक संच असतो, टाइलसेट म्हणतात त्याला. दगड, माती, पाणी, दार. फरशी बसवल्यासारखे ते एकाला एक जोडायचे आणि प्रत्येक तुकड्याला सांगून ठेवायचं, ह्याच्यावरून चालता येतं, ह्याच्यावरून येत नाही.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे काम कधी पटलंच नाही. त्यांचं औशात भांड्यांचं दुकान. "गिऱ्हाईक दिसत न्हाई, माल हातात न्हाई, ह्येला काम म्हनायचं?" एवढंच बोलायचे.

आई गेली आणि अण्णांनी दुकान बंद केलं. घरात एकटेच. मी रोज दुपारी फोन करायचो, पण डोळे माझे समोरच्या नकाशावर. जेवलात का, गोळी घेतली का, ठेवू का. झालं बोलणं.

त्या दिवशीही तसंच विचारलं, "काय करताय?"

"काय करनार. हिंडायलो."

"कुठं?"

"आतल्या आत. कालपासून फिरायलो बग, मार्गच दिसंना. चारी अंगानं दगुड. उजेड बी कमी व्हायलाय."

माझा हात माउसवरच थांबला. "अण्णा, असं का बोलताय?"

"खरं ते सांगायलो. लई दमलो. तुला काही करता येतंय का बघ, न्हाई तर सोडून देतो सगळं."

आणि फोन ठेवला.

आता तुम्ही असता तर काय केलं असतं? परत फोन करून विचारलं असतं, की अण्णा, नेमकं काय झालं? मी नाही विचारलं. मला वाटलं, एवढा अबोल माणूस तोंड उघडून बोलला म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं. मी फोन लावला तो शेजारच्या गुरप्पा काकांना. अण्णांचे ते जुने दोस्त.

"काका, अण्णांच्या मनात काहीतरी वाईट आलंय. त्यांना एकटं सोडू नका. पण त्यांना काही कळू देऊ नका."

मग भोकरला अक्काला सांगितलं. माझी थोरली बहीण. ती नांदेडला आली तीच रडत, आणि आम्ही लातूरच्या बसमध्ये बसलो. अहमदपूर येईपर्यंत दोघांनी एकमेकांना काय काय सुनावलं असेल! तू दिवाळीला दोनच दिवस राहिलीस. तू तर रोज फोनवर टायपिंग करत बोलतोस. खिडकीबाहेर सोयाबीन नुसतं मागं पळत होतं.

मधे अण्णांचे चार फोन येऊन गेले. "उचलू नको," अक्का म्हणाली, "तुझा आवाज ऐकून त्यांना कळंल." मी नाही उचलले.

औशाला घरी पोचलो तर दारात चपलांचा ढीग. अंगणात बायका तोंडाला पदर लावून बसलेल्या. बाजेवर मठातले स्वामी. उशीर झाला, असं वाटलं.

तर आतून अण्णा आले. चेहरा पांढराफटक. मला बघितलं आणि माझ्या तोंडावरून, दंडावरून हात फिरवायला लागले.

"जिता हाईस?"

"मी? मला काय झालंय?"

"गुरप्पा आला, सुरी घेऊन गेला. आडाचा दोर नेला. माझा वस्तरा नेला. मग मानसं जमाया लागली, स्वामी आले. इच्यारलं तर कुनी बोलंना. तू फोन उचलनास, अक्का उचलना. मी म्हनलं, गेलीत दोगंबी गाडीखाली."

एवढं बोलून ते ओट्यावर बसले आणि रडले. आई गेली तेव्हा रडले नव्हते.

"पण अण्णा," मी म्हटलं, "मार्ग दिसंना, सोडून देतो, असं तुम्हीच म्हणालात ना?"

अण्णांनी डोळे पुसले आणि खिशातून मोबाइल काढला. पडद्यावर एक बोटभर वीर, विझत आलेली मशाल घेऊन दगडी दारासमोर उभा. दिवाळीत मीच तो खेळ त्यांच्या फोनवर चालतो का बघायला टाकला होता आणि विसरून गेलो होतो.

"तू केलेली गुहा हाय म्हनून खेळायलो," ते म्हणाले. "म्हनलं बगावं, पोरगं दिसभर करतंय काय. समदं हिंडलो. हितं दार हाय, पर बाहीर सोडंना."

मी बघितलं. दाराचा तुकडा 'चालता येत नाही' असाच राहून गेला होता. माझ्याच हातानं.

अण्णांना एकटं सोडायचं नाही म्हणून काकांनी जमवलेली अंगणातली सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. गुरप्पा काका सावकाश म्हणाले, "म्हंजी रस्ता तूच बुजवलास."

लॅपटॉप सोबत होताच, तो माझा कुठं सुटतो? तिथंच ओट्यावर बसून चूक दुरुस्त केली, नवा खेळ अण्णांच्या फोनवर चढवला. स्वामींसकट सगळे वाकून बघायला लागले. अण्णांनी बोटानं वीराला पुढं नेलं. दार उघडलं. वीर बाहेर पडला.

पडदा काळाकुट्ट.

"आता?" अण्णांनी विचारलं.

"बाहेरचं गाव अजून बनवायचं राहिलंय."

"कुनी बनवायचंय?"

"मीच."

अण्णांनी वीराला गुपचूप माघारी वळवलं.

"मग आतच बरं हाय," ते म्हणाले. "हितं निदान राक्षस तर येऊन जाऊन असत्यात."