नवव्या चाचणीचे पान

१४ मार्च १९३१, शनिवार, दुपारचे तीन. हजर: वही-मिस्त्री, विणकर व्यंकय्या, मी. जागा: गिरणीच्या दुरुस्ती खात्यातला जुना माग. काम: धोट्याच्या जाळीची सातवी चाचणी.

पान असे मांडण्याची पद्धत मिस्त्रींची; म्हणूनच गिरणीत त्यांना वही-मिस्त्री म्हणत. याद्यांची सवय मला त्यांनीच लावली. मी खात्याचा कारकून. प्रत्येक पानाखाली साक्षीदार म्हणून माझी सही असे.

त्या दिवशीही मिस्त्रींच्या डाव्या डोळ्यावर चिंधी बांधलेली होती. त्यांचे दोन्ही डोळे धडधाकट होते. डोळा गेला होता तो व्यंकय्याचा. मागावर इकडून तिकडे धावणारा, टोकाला लोखंड बसवलेला धोटा उसळून बाहेर आला आणि त्याच्या डाव्या डोळ्यात शिरला. तेव्हापासून मिस्त्री उसळता धोटा अडवणाऱ्या जाळीचे चित्र काढायला बसले की आधी चिंधी बांधत. "त्याच्यासाठी करायचं तर त्याच्यावानीच बघाय पायजे," म्हणत.

मोहोळकडचा हा माणूस कमी बोले, पण वहीच्या बाबतीत कडक होता. पान फाडायचे नाही. चुकले तर एकच रेघ, खालचे वाचता येईल अशी. आणि हजर माणसे, निकाल, सगळे चाचणीच्या आधीच लिहायचे. तारीख तेवढी त्या दिवशी भरायची. "मागनं लिवलं तर हात खोटं बोलतो की, कारकून."

सातव्या पानावर त्यांनी लिहिले होते: 'तिसरा बोल्ट सुटेल.' माग सुरू केला आणि तिसराच बोल्ट टणकन् फरशीवर पडला.

व्यंकय्या हसला. "मिस्त्री, माझं मरण बी लिवलंय काय ह्यात?"

मिस्त्री हसले नाहीत. वही मिटून म्हणाले, "फुडची पानं बघू नगंस."

पुढच्या महिन्यात ते तापाने चार दिवसांत गेले. वही माझ्याकडे आली. आठवे पान तयार होते. अक्षर तापातले नव्हते. एकेक वळण जागच्या जागी. 'हजर: व्यंकय्या, कारकून.' त्यांचे स्वतःचे नाव नव्हते. खोडल्याची रेघही नव्हती. मी पान उजेडात धरून पाहिले.

खाली निकाल होता: 'धोटा डावीकडून निसटेल. कारकुनाने उजवीकडे उभे राहावे.'

मी नेहमी डावीकडे उभा राही. चित्राबरहुकूम जाळी बसवली आणि त्या दिवशी उजवीकडे गेलो. धोटा निसटला तो थेट डावीकडच्या लाकडी खांबात, बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीला. व्यंकय्याने खांबातल्या भोकात बोट घातले आणि आवाज खाली आणून विचारले, "कारकून, आज हितं आपुन दोघंच हाय न्हवं?"

मी वही पुढे ओढली. नववे पान उघडले.

त्यावर जाळीला डावीकडे एक पत्रा वाढवला होता. साधी गोष्ट; आम्हांला कशी सुचली नाही कोण जाणे. निकाल: 'धोटा अडेल. जाळी सगळ्या मागांना लावावी.' आणि वर, त्याच स्थिर अक्षरात: 'हजर: मिस्त्री, कारकून.'

गेलेल्या माणसाशेजारी माझे एकट्याचे नाव; जिवंत व्यंकय्याचेही त्यात घालावे असे मनात आले. पण सही-तारखेखेरीज आजवर त्या वहीत मिस्त्रींशिवाय कोणी ओळ लिहिलेली नाही.

त्याला सहा वर्षे झाली. पत्रा कापून घेतला आहे, जाळी तेल लावून गोणपाटात गुंडाळली आहे. व्यंकय्या येता-जाता टोमणा मारतो, "काय कारकून, अजून एक डोळा जायाची वाट बघताय व्हय?" त्याला मी ते पान दाखवलेले नाही. परवा एका विणकराच्या भुवईला टाके पडले. डोळा बोटभर लांब राहिला.

आज सकाळी जाळी काढून जुन्या मागावर चढवली. बोल्ट तीनदा तपासले. वही उघडून दौत जवळ घेतली. उजवीकडे उभे राहायचे की डावीकडे, याबद्दल त्या पानावर काहीच लिहिलेले नाही. तारीख भरायची बाकी आहे.