पाव स्ट्रेंथ खत आणि माझी सही

आमच्या लॅबमध्ये एक कपाट आहे. विकलेल्या प्रत्येक बॅचमधला थोडा माल बाटलीत भरून, लेबल लावून त्यात ठेवायचा. रिटेन सॅम्पल म्हणतात त्याला. उद्या कोणी तक्रार केलीच तर पुरावा! त्यामुळे फेकायचं काहीच नाही, कपाट आपलं भरतच जातं. माझ्या डोक्याचं पण तेच झालंय. अंबरनाथ एमआयडीसीतली केमिकल कंपनी, माल तपासणारी आमची क्यूसी लॅब आणि मुठीएवढं, जाड पानांचं एक सक्युलंट. एवढ्याशा रोपावर एवढे किस्से, की आता कोणाला तरी सांगितल्याशिवाय दार लागणार नाही!

*

रोप लेले मॅडमचं. त्या लॅबच्या हेड. कुंडी म्हणजे काठ फुटलेलं बुकनर फनेल. चिनीमातीचं असतं, तळाला चाळणीसारखी भोकं, आम्ही पावडर गाळायला वापरतो. मॅडम ऐटीत सांगायच्या, "बाजारातल्या कुंडीला एक भोक, आपल्या कुंडीला पन्नास!"

मॅडम गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सुट्टीवर निघाल्या. मला नोकरीला लागून तेव्हा वर्ष झालं होतं, पण रिपोर्टवर माझी सही चालायची नाही. टेस्ट मी करायची, आणि सहीसाठी सिनियर केमिस्ट प्रशांतदादाच्या मागे कागद घेऊन फिरायचं. सॉलिड राग यायचा यार!

मॅडमनी फनेल माझ्या हातात ठेवलं. "मी येईन तेव्हा हे जिवंत पाहिजे. सांभाळलंस, तर रिपोर्टवर तुझी सही चालेल."

"आणि नाही जगलं तर?"

"तर तू अजून ट्रेनी!"

*

पहिला जोश आला प्रशांतदादाला. "खत आणि दुकानातून? आपण केमिस्ट आहोत!"

एकदम शुद्ध केमिकल काढली. चार डेसिमलच्या काट्यावर तोलली. फ्लास्कमध्ये बरोबर रेघेपर्यंत पाणी. वर लेबल! कोणी बनवलं, कोणी तपासलं, एक्सपायरी, सगळं. मी पण छाती काढून ओतलं.

आठवड्यात दोन पानं करपून गळाली.

घाबरत व्हिडिओ कॉल लावला. मॅडम पलंगावर, पाय उशीवर. "किती दिलंत?" प्रशांतदादाने आकडा सांगितला, दशांशासकट.

मॅडमनी डोळे मिटले. "हा डोस टोमॅटोच्या शेताचा आहे. याला त्याच्या पाव स्ट्रेंथ पुरे. प्रशांत, तू चार डेसिमलपर्यंत अचूक चुकलास!"

आणि मला ऑर्डर: साध्या पाण्याने माती धुऊन काढ, सुकू दे, मग पाव स्ट्रेंथ. एकदाच!

*

प्रशांतदादाच्या फ्लास्कवर आता भरवसा नव्हता, म्हणून रविवारी उल्हासनगरला गेले, खताच्या दुकानात. गोणींच्या मधोमध सिंधी अंकल बसलेले. "वडी, गार्डन कितना बडा है?"

मी मोबाइलमधला फोटो दाखवला. त्यांनी झूम केला. अजून झूम केला. "गार्डन किधर है?"

"यही है अंकल."

"बेटा, ये थैली लेके जाएगी ना, तो तेरे बच्चे के बारसे में भी यही खाद बचेगा!"

मग कागदाच्या पुडीत चिमूटभर बांधून दिलं. पैसे विचारले तर हातच जोडले. "इसका बिल बनाऊँ? मार्केट में हसेंगे मेरेपे! जिंदा रहा तो फोटो भेज."

*

आता खरा प्रॉब्लेम. रोप लाडकं झालं! पॅकिंगवाले अंड्याच्या टरफलांचा चुरा टाकायचे, स्टोअरवाले चहाचा चोथा, प्रशांतदादा केळ्याच्या सालीचं पाणी. सगळे गुपचूप, एकमेकांना न सांगता. रोप मऊ पडून लांबुडकं झालं आणि फनेलभोवती चिलटं फिरायला लागली.

मी डोकं लढवलं. खिडकीतल्या फनेलशेजारी लॉगशीट टांगली: तारीख, काय दिलं, किती, सही. लॅबचे नियम सगळ्यांना पाठ. एकही चौकोन रिकामा सोडायचा नाही. आणि मॅडमचं तर ठरलेलं, "तारीख नाही, तर ती सही नाही, नुसती नक्षी!"

सही करायची म्हटल्यावर दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचं प्रेम आटलं!

*

शीटवर पहिली एन्ट्री माझी. अंकलचं खत, पाव स्ट्रेंथ, पन्नास मिली.

दुसऱ्या दिवशी बघते तर खाली वाकडंतिकडं अक्षर. तारीख. काय दिलं: काही नाही. किती: अजिबात. सही: हिरा.

हिरामावशी! लॅबची साफसफाई करतात, बारवी धरणाकडच्या पाड्यातून येतात. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच.

"मावशी, काही दिलंच नाही तर लिहायचं कशाला?"

"तूच बोललीस ना गो, चौकोन रिकामा नको म्हणून!"

मी हसले तर त्या फडकं आपटून म्हणाल्या, "आमच्याकडं खडकावर पानफुटी येते. तिला कोण जातंय चमच्यानं भरवायला?"

तेव्हापासून दहा-बारा दिवसांनी फक्त पाणी, बाकी पहारा. कोणी चहाचा कप घेऊन खिडकीकडे वळला की मावशी पेन पुढे करायच्या. "सही करतोस?" माणूस यू टर्न!

*

मध्येच कस्टमरचं ऑडिट आलं. ऑडिटर एकदम खडूस, हसणं माहीतच नाही. सगळी लॅब बघून खिडकीशी थांबले, लॉगशीट वाचली आणि इंग्लिशमध्ये विचारलं, की पाव स्ट्रेंथ कशावरून ठरवली?

मी घाईने अंकलची पुडीच पुढे केली. प्रशांतदादा शांतपणे कपाटाकडे गेला आणि एक बाटली घेऊन आला. आत दोन करपलेली पानं, वर लेबल, तारीख, सही.

"सर, फुल स्ट्रेंथ फेल आहे. रिटेन सॅम्पल."

खडूस साहेब हसले ना! जाताना पुडीचा फोटोपण काढून नेला. घरी त्यांच्या मिसेसचं पण एक रोप होतं म्हणे.

*

होळीच्या आधी मॅडम आल्या, काठी टेकत. आल्या त्या थेट खिडकीशी. रोप बसकं, घट्ट, आणि मधून एक लांब देठ, त्याला नारिंगी घंटांसारखी फुलं! सगळी लॅब मागे उभी. मला तर रडूच यायला लागलं.

मॅडमनी चष्मा लावून लॉगशीटची पानं उलटली. काही नाही, अजिबात. काही नाही, अजिबात. पानंच्या पानं.

मी बोलून टाकलं. "मॅडम, खरं सांगू? रोप मी नाही, मावशींनी जगवलं."

"आणि ही शीट कोणी लावली?"

"मी."

मॅडमनी त्या दिवशीच्या बॅचचा रिपोर्ट पुढे सरकवला. "कर सही."

केली. झोकात केली! शेपटी काढून!

मॅडमनी कागद बघितला, गालात हसल्या आणि म्हणाल्या, "आता मावशींना दाखव. त्यांनी ओके म्हटल्याशिवाय बाहेर जाणार नाही."

हिरामावशींनी पदराला हात पुसले. कागद खिडकीच्या उजेडात धरला. वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. माझ्या सहीपाशी आलं, थांबलं.

"तारीख राहिली गो, पोरी."